जव्हारच्या मुलांचे कंदील मुंबईत विकायचेत, भाव काय लावायचा?

रानजाई

मंडळी, सल्ला हवा आहे आणि गणपतीच्या आधी हवा आहे.

मी दादरला राहते. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहे. जव्हार-मोखाड्याकडची आठ मुलंमुली इथे मुंबईत पदवीचं शिक्षण घेताहेत, वसतिगृहात राहतात. ही मुलं बांबूचे आकाशकंदील करतात. कामट्या गावाहून येतात. त्या सोलून, तासून सहाकोनी सांगाडा बांधायचा, गेरूत बुडवून वाळवलेली पातळ मलमल त्यावर ताणून चिकटवायची आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने वारली चित्रं काढायची. दिवसा लाल कापडावर पांढरी माणसं दिसतात. रात्री आत दिवा लावला की पांढरा रंग उजेड अडवतो, कापड निखाऱ्यासारखं होतं आणि तीच माणसं काळी होऊन तारपा या फुंकवाद्याभोवती नाचायला लागतात. मी आयुष्यभर मुलांची चित्रं बघत आलेय, तरी पहिल्यांदा दिवा लावला तेव्हा थक्क झाले.

गेल्या दिवाळीत त्यांनी ओळखीपाळखीत शंभराला एक असे विकले. हातोहात गेले. यंदा दोन ठिकाणांहून विचारणा आली आहे.

एक, मुंबईतलं एक भेटवस्तूंचं दुकान. नगाला १५० रुपये देणार, तेही जांगड. म्हणजे माल ठेवून घेणार, विकला तर पैसे, उरला तर परत.

दोन, एक कार्यालय. कर्मचाऱ्यांना दिवाळीला द्यायला ३०० कंदील हवेत. नगाला १८० रुपये, पैसे दिवाळीनंतर.

मुलं हरखून गेलीत. ३०० गुणिले १८० हा गुणाकार त्यांनी किती वेळा केला असेल कोण जाणे. मला मात्र काहीतरी खटकतंय. मी विचारलं, एका कंदिलाला खर्च किती? उत्तर आलं, "६५ रुपये, बाई." आणि वेळ? "साडेतीन तास. पण वेळेचे पैसे कशाला धरायचे, वेळ आपलाच असतो." तिथेच मी अडले. यांना भाव कसा लावायला शिकवू? आणि ही ऑर्डर घ्यावी का?

वसईवाला

ऑर्डर घ्या! ३०० नगांची मागणी सुरुवातीलाच येते कुणाला? ५४ हजार रुपये म्हणजे आठ मुलांचा वर्षभराचा वह्या-पुस्तकांचा आणि पासाचा खर्च निघाला. भाव पुढच्या वर्षी वाढवता येईल.

हिशेबी

रानजाई ताई, खटकलं ते बरोबरच खटकलं.

मी सनदी लेखापाल आहे, हिशेब मांडून दाखवतो. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीवर दिवसाची मजुरी ३१२ रुपये. आठ तासांनी भागा, तासाला ३९ रुपये. या मुलांचा हात कसबी आहे, खड्डे खणण्याच्या दराने मोजायचा नाही, पण निदान त्याच्या खाली तरी जाऊ नये. साडेतीन तासांचे झाले साधारण १३६. त्यात सामानाचे ६५ मिळवा. २०१ रुपये. यात खोकं नाही, एसटीचं भाडं नाही, फुटलेली कामटी नाही.

आता दुकानाचे १५० आणि कार्यालयाचे १८० बघा. सामानाचे ६५ वजा केल्यावर साडेतीन तासांच्या कामाचे पदरात ८५ किंवा ११५ पडतात. गावात बांधावर माती टाकली असती तर जास्त मिळाले असते.

@वसईवाला, ५४ हजारातून सामानाचे साडेएकोणीस हजार गेले. उरले साडेचौतीस. तास लागले १०५०. तासाला ३३ रुपये पडले. "पुढच्या वर्षी वाढवू" म्हणता, पण ज्याने १८० ला घेतलाय तो पुढच्या वर्षी १७० ला मागतो. एकदा पडलेला भाव वर नेणं फार अवघड.

गिरगावकर

माहीमच्या कंदील गल्लीत एकदा त्या मुलांना घेऊन जा. कवळेवाडीपाशी दिवाळीत दोन्ही बाजूंनी कंदीलच कंदील टांगलेले असतात. विकत काही घेऊ नका, नुसतं फिरा, भाव विचारा, कोण काय बघून थांबतं ते बघा. दिवाळीच्या धंद्याची याहून चांगली शाळा मुंबईत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. कंदिलाचा बाजार दसऱ्यानंतर तापतो आणि वसुबारसेपर्यंत चढता असतो. नरक चतुर्दशीच्या सकाळी तोच कंदील अर्ध्या किमतीलाही कुणी घेत नाही. जांगड दिलेला माल तेव्हा परत आला तर वर्षभर कुठे ठेवणार?

अवांतर: आमच्या चाळीत आम्ही गव्हाच्या पिठाची खळ करून पतंगाच्या कागदाचे कंदील चिकटवायचो. झिरमिळ्या कातरायचं काम माझ्याकडे. खळ बहिणीकडे, कारण मी ती खायचो.

मीनल_मुलुंड

गिरगावकर काका, खळ आम्हीही खायचो!

मूळ प्रश्नाकडे येते. मुलं शिकायला आलीत ना मुंबईत? दिवाळीच्या आगेमागेच सत्र परीक्षा असतात. १०५० तास कुठून आणणार? आठ जणांनी रोज तीन-तीन तास दिले तरी दिवसाला चोवीस तास. भागून बघा, ४४ दिवस लागतात, एकही सुट्टी न घेता. गणपतीत ही मुलं गावी जाणारच. मी स्वतः महाविद्यालयात शिकवते. "कमाई सुरू झाली, आता वर्ग कशाला" असं म्हणून गळालेली हुशार मुलं पाहिलीत. राग येतो त्याचा. मुलांचा नव्हे, त्यांना घाई करणाऱ्या मोठ्यांचा.

वसईवाला

मीनल ताई, तुम्हाला हातात पैसे नसण्याचा अनुभव नसेल. मी सफाळ्याहून रोज गाडीने येऊन शिकलो. पासाचे पैसे नसले की वर्गही नसायचा. कमाई शिक्षणाच्या आड येते म्हणता, माझं शिक्षण कमाईमुळेच झालं. मी रात्री एका छापखान्यात बांधणीचं काम करायचो.

तरी ४४ दिवसांचा हिशेब मी केला नव्हता. तेवढं मान्य.

मीनल_मुलुंड

हे माहीत नव्हतं, लिहिलंत ते बरं केलंत. माझा विरोध कामाला नाही. आधी वेळापत्रक बघा आणि मग नग ठरवा, एवढंच म्हणणं आहे. त्या मुलांनी परीक्षेच्या तारखा कॅलेंडरवर लाल करून टाकाव्यात आणि त्याच्या आधीचे दोन आठवडे हातात कोयता धरू नये.

दादरचा_दुकानदार

दुकानदाराला सगळेच शिव्या घालणार, म्हणून माझी बाजू मांडतो. ते दुकान माझं नाही.

आम्ही १५० ला घेतलेली वस्तू ३०० ला विकतो हे खरं. त्यातून जागेचं भाडं, दोन माणसांचे पगार, तुटफूट, आणि उरलेला माल. ठरलेल्या किमतीच्या चाळीस ते पन्नास टक्के दुकान ठेवतं, हा या धंद्यातला सर्वसाधारण रिवाज आहे. त्यात लबाडी नाही. लबाडी असते ती जांगड माल घेऊन हिशेब न देण्यात.

म्हणून मुलांनी उलट्या टोकापासून सुरुवात करावी. कंदिलाची शेवटची किंमत ठरवा. समजा ४५०. ती सगळीकडे एकच. प्रदर्शनात ४५०, घरून ४५०, दुकानातही ४५०. दुकानाला चाळीस टक्के सोडले तर मुलांच्या हातात २७०. तुम्हीच बाहेर ३०० ला विकायला लागलात तर दुकानदार पुन्हा उभं करणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

जांगड द्यायचंच असेल तर थोडा माल द्या, दहा-बारा नग. कागदावर नग, भाव, परत करायची तारीख आणि फुटला तर कुणाचा, हे लिहून सही-शिक्का घ्या. आठवड्याला जाऊन मोजा. जो दुकानदार कागदावर सही करायला कां-कूं करतो त्याच्याकडे माल ठेवू नका.

हिशेबी

दुकानदार साहेब, उत्तम सांगितलंत. २७० चा हिशेब जुळतो. २०१ अधिक खोकं-प्रवासाचे २५ धरले तर २२६. मजुरी निघून नगामागे ४४ रुपये शिल्लक राहतात. ते वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षीची मलमल आणि हत्यारं त्यातून येतील.

कागदपत्रांचंही सांगून टाकतो, कारण इथे लोक उगाच घाबरवतात.

वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. मुलं त्याच्या आसपासही नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र एकाच्या नावाने जरूर करा. आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या होते आणि पूर्ण मोफत आहे. कुणी हजार-दोन हजार मागितले तर तो दलाल समजा.

उद्यमचा इथे थेट उपयोग आहे. सूक्ष्म उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, असा कायदाच आहे. २०२४ च्या एप्रिलपासून आयकरातही तरतूद आली, वेळेत पैसे न दिले तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजावटीला मिळतो. त्यामुळे मोठ्या कार्यालयांचे हिशेब विभाग उद्यम क्रमांक दिसला की जरा जागे होतात. "दिवाळीनंतर देऊ" याला तारीख लावून घ्या.

तारपा

मी तलासरीचा, वारली, शिक्षक आहे. धागा सकाळपासून वाचतोय.

भावाचं सगळं बरोबर आहे. मला चित्रांविषयी विचारायचंय. कंदिलावर नेमकं काय काढतात? आमच्यात लग्नात भिंतीवर चौक लिहितात, तो सवासिणी लिहितात. त्यात पालघट देवी असते. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते तेव्हा तो चौक पुरा होतो. तो दारावर टांगून विकायचा नसतो. मुंबईत मी चौकाचं चित्र पायपुसण्यावर छापलेलं पाहिलंय. काय वाटलं ते लिहीत नाही.

सत्तरच्या दशकात कागद आणि पांढरा रंग आमच्या पाड्यांवर आला आणि पुरुषही चित्रं काढायला लागले. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, जगभर नाव झालं. आमच्या मुलांनी या कलेवर पोट भरावं याला माझा पाठिंबाच आहे. पण बाजाराला काय द्यायचं आणि घरात काय ठेवायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, खरेदीदाराने नाही.

दुसरं. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ही कला या मुलखाची असा सरकारी शिक्का, मिळालं आहे. त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते, चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात. मुलांनी करून घ्यावी. छापील वारलीने बाजार भरलाय, हातची कोणती आणि छापील कोणती हे गिऱ्हाइकाला सांगायला काहीतरी हातात हवं.

रानजाई

तारपा सर, तुम्ही आलात, फार बरं झालं. चौक ही मुलं काढत नाहीत. मी एकदा सहज सुचवलं होतं तेव्हा दोन मुलींनी मान हलवून नाही म्हटलं आणि विषय बदलला. बाकी त्यांनीच सांगितलेलं बरं. त्यांच्यातल्या एकीला धाग्याचा दुवा पाठवलाय, वेळ मिळाला की लिहील.

पिंगुळकर

कुडाळहून. आमच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आहे, कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली त्यानंतर चौकशा वाढल्या. सावंतवाडीला राजवाड्याने गंजिफा, ते हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, पुन्हा उभ्या केल्या, तिथे कारागीर दरबार हॉलमध्ये बसून गोल पत्त्यांवर रंगकाम करतात. बघायला आलेला माणूस काम बघतो, एक पत्ता रंगवायला किती वेळ जातो ते त्याला डोळ्यांनी दिसतं, आणि मग तो किमतीवर घासाघीस करत नाही.

म्हणून सांगतो, प्रदर्शनात नुसता माल मांडू नका. एक जण कामट्या तासत बसू दे, एक जण चित्र काढत बसू दे. साडेतीन तास लागतात हे तोंडाने सांगून पटत नाही.

चपलांचं उदाहरण आहेच. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि किती गदारोळ झाला. कोल्हापुरीला २०१९ पासून मानांकन आहे म्हणून बोट ठेवायला जागा तरी मिळाली. तारपा सरांची सूचना मनावर घ्या.

बांबूप्रेमी

एक प्रश्न कुणीच विचारला नाही. बांबू कधी तोडलेला आहे?

पावसाळ्यात तोडलेल्या ओल्या बांबूत साखर-पिष्ट जास्त असतं. त्याला भुंगेरे लागतात. दिवाळीत टांगलेल्या कंदिलाखाली डिसेंबरात पिवळसर पीठ पडायला लागतं आणि कामटी बोटाने चुरते. शिवाय ओली कामटी वाळली की आकसते, बांध सैल होतात आणि सहाकोनी कंदील वाकडा लोंबतो. ३०० ची मागणी आली म्हणून आता भर पावसात गावाकडे बांबू तोडायला सांगू नका. बांबू पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडावा. कामट्या बोरिक आम्ल आणि बोरॅक्सच्या पाण्यात भिजत घालून सावलीत वाळवल्या तर वर्षानुवर्षं टिकतात. गेल्या थंडीतला वाळलेला बांबू किती शिल्लक आहे ते आधी मोजा. तेवढेच कंदील होतील.

जात कोणती? मानवेल असेल तर भरीव, टणक, सांगाड्याला चांगला.

गिरगावकर

हे खरं मर्म सांगितलंत राव. आम्ही भाव घासत बसलो आणि लाकडाचा विचारच नाही.

जव्हारची_पोर

नमस्कार. बाईंनी दुवा पाठवला. मी त्या आठ जणांतली. सगळं दोनदा वाचलं, मग मोठ्याने वाचून बाकीच्यांना ऐकवलं.

बांबू मानवेलच आहे. माझ्या काकांनी माघात तोडून मांडवाखाली ठेवलाय. गावात विचारलं, ते म्हणाले सव्वाशे कंदिलांपुरता होईल. औषधाच्या पाण्यात नव्हता घातला. आम्ही घरी चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवतो, धुराने कीड लागत नाही. पण आता पुढच्या वर्षीसाठी बोरिकचं करून बघू. प्रमाण सांगाल का दादा?

तारपा सर, चौक नाही काढत. आजीने सांगितलंय, आणि तिने नसतं सांगितलं तरी नसता काढला. आम्ही तारप्याचा नाच, भाताची लावणी, झाडावरचे पक्षी, आणि एक एसटी काढतो. एसटी बाजारात सगळ्यांना आवडते, आधी तीच संपते. जव्हारच्या घाटातली एसटी आहे ती, टपावर कोंबड्यांची पाटी असलेली.

वेळेचे पैसे धरायचे नाहीत असं मीच म्हटलं होतं. आमच्याकडे असंच म्हणतात. आई सुपं विणते, तिला कुणी विचारलं तर बांबूचा खर्च सांगते. हिशेबी काकांचा हिशेब आईला फोनवर सांगितला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मग सुपाचे किती धरायचे?

अजून एक सांगायचंय. दुकानवाल्यांनी आमचे फोटो मागितले होते. म्हणाले, पाड्यावर, झोपडीसमोर काढा, आणि खाली लिहू "गरीब आदिवासी विद्यार्थ्यांना मदत करा". आम्ही अजून हो म्हटलेलं नाही. घरचे फोटो द्यायला लाज नाही वाटत, घर चांगलं आहे आमचं. पण कंदील चांगला आहे म्हणून घ्यावा. मदत म्हणून घेतलेला कंदील लोक एकदाच घेतात.

मीनल_मुलुंड

फोटो देऊ नका. अजिबात देऊ नका. आणि तुझ्या आईच्या प्रश्नाला उत्तर द्या कुणीतरी.

हिशेबी

पोरी, आईला सांग, सुपाला किती तास लागतात ते एकदा घड्याळ लावून बघायचं. गुणिले ३९, अधिक बांबू. त्याच्या खाली सूप घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. बाजारात तेवढे मिळतीलच असं नाही, प्लॅस्टिकच्या सुपाशी गाठ आहे. पण आपण किती सोडून देतोय हे तरी कळेल.

आईसाठी आणखी एक. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत, त्यात टोपल्या-चटया-झाडू विणणारे येतात. प्रशिक्षणाच्या दिवसांत ५०० रुपये रोज, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत, आणि हवं असेल तर पाच टक्क्यांनी कर्ज, पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत. कुटुंबात एकालाच मिळते. चित्रकला त्या १८ मध्ये नाही, म्हणून अर्ज आईच्या नावाने बरोबर बसेल. कर्ज मात्र गरज असेल तरच. तुमच्या कंदिलांना आत्ता कर्जाची गरज दिसत नाही.

वसईवाला

तुमच्या आया बचत गटात आहेत का? उमेद या सरकारी अभियानातल्या बचत गटांना महालक्ष्मी सरस या विक्री प्रदर्शनात गाळा मिळतो. मुंबईतलं सरस बहुतेक वेळा दिवाळीनंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर भरतं. गाळा गटाच्या नावाने, सुपं आईची, बोहाड्याचे, त्या सोंगांच्या उत्सवातले, छोटे मुखवटे तुमचे. कंदील तेव्हा विकला जाणार नाही, पण बोहाड्याचे मुखवटे बारमाही जातील. करता ना मुखवटे तुम्ही?

शिवाय "एक स्थानक एक उत्पादन" ही रेल्वेची योजना २०२२ पासून आहे, स्थानकावर नाममात्र शुल्कात पाळीपाळीने गाळा देतात. अर्ज करून ठेवा. नाहीतर पदपथावर बसायचा मोह होईल. स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच मनाई केली आहे. माल उचलून नेला तर सोडवायला कोण जाणार?

जव्हारची_पोर

मुखवटे माझा भाऊ करतो, कागदाच्या लगद्याचे. मोठे बोहाड्यात नाचवायला लागतात ते वेगळे, ते विकत नाही. हे वीतभर, भिंतीला लावायचे. आई बचत गटात आहे. विचारते.

गृहिणी_पार्ले

आमच्या सोसायटीत नवरात्रात दोन दिवस विक्री असते, टेबलाचं भाडं अगदी कमी. अशा सोसायट्या पार्ल्यात, मुलुंडात, बोरिवलीत, गिरगावात पुष्कळ आहेत. इथल्या प्रत्येकाने आपल्या सोसायटीत एक टेबल मिळवून दिलं तर दुकानाची गरजच पडायची नाही. मी आमचं देते.

एक सूचना, कंदील घडीचा होईल का? लोकलमधून नेताना चेमटतो. घडी झाली तर टपालानेही जाईल, माझ्या नणंदेला नागपूरला पाठवायचाय.

जव्हारची_पोर

सहा कामट्यांचे सांधे सुतळीऐवजी पोकळ नळीत बसवले तर निघतात. एकाने करून पाहिलाय. कापड मात्र सैल पडतं, ताणाला काहीतरी करावं लागेल. आत्तापर्यंत मालडब्यातून नेतो, तिथले दूधवाले जागा करून देतात.

दादरचा_दुकानदार

कापडाचा कंदील आहे, आत एलईडीच लावायला सांगा. जुना पिवळा बल्ब तापतो. चिठ्ठी लावा प्रत्येकाला: एलईडी वापरा, पावसात भिजवू नका, आणि चित्र कुणी काढलं त्याचं नाव. नाव असलेली वस्तू लोक जपून ठेवतात. आणि पोरी, दसऱ्याला बारा नग माझ्याकडे पाठव. जांगड नको, रोख घेईन, २७० ने.

तारपा

चिठ्ठीवर गावाचं नावही घाला. आणि वारली हा शब्द. कुठल्याही "एथनिक" की काय त्या नावाखाली जाऊ देऊ नका.

रानजाई

आज संध्याकाळी आठही जण माझ्या गॅलरीत बसलो होतो. ठरलं ते लिहिते.

कार्यालयाला कळवलं: १०० नग देऊ शकतो, २७० ने, निम्मे पैसे म्हणजे १३,५०० आगाऊ, बाकीचे माल पोचल्यापासून ३० दिवसांत, लेखी. त्यांनी दोन दिवस मागून घेतलेत. नाही म्हणाले तर नाही. मुलांनी एकमुखाने सांगितलं, १८० ला एकही नाही. वसईवाले, तुम्हाला पटणार नाही कदाचित, पण शंभर नगांना पंधरा दिवस पुरतात आणि परीक्षा सुटी राहते, हा त्यांचाच हिशेब.

जांगड मागणाऱ्या दुकानाला नम्रपणे नकार. फोटो नाहीत.

बांबूतले उरलेले पंचवीस कंदील असे: बारा दादरला, बाकी पार्ल्याच्या टेबलावर. कार्यालयाने नकार दिला तर ते शंभरही सोसायट्यांमध्ये लागतील, तेव्हा टेबलं सुचवत राहा. उद्यम नोंदणी एका मुलीच्या नावाने उद्या करतोय, स्वतःच करतोय.

वसईवाला

पटलं, ताई. वसईत आमच्या सोसायटीचं टेबल धरा. आणि एक कंदील माझ्यासाठी बाजूला, एसटीवाला.

गिरगावकर

एसटीवाला मलाही हवा. किती काढणार आहेत एसटी?

जव्हारची_पोर

मागाल तेवढ्या काढू, काका. पण शंभरांतल्या कुणाला नाच, कुणाला लावणी हेही जायला हवं. तुमची आणि वसईच्या काकांची एसटी लिहून ठेवली. बांबूप्रेमी दादा, बोरिकचं प्रमाण राहिलं.

बांबूप्रेमी

व्यक्तिगत निरोपात पाठवलंय, भिजवायचे दिवसही लिहिलेत. पाणी हाताने ढवळू नका, काठी घ्या, आणि उरलेलं विहिरीजवळ ओतू नका.